मगर निबंधात कुठे चालते?

बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर रविवारी सकाळी बारा-पंधरा मुलं मराठी लिहायला बसतात. घरं मराठी, शाळा इंग्रजी नाहीतर गुजराती माध्यमाच्या. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, ओसरलं, चिखल उपसून झाला आणि वर्ग पुन्हा भरला. त्या दिवशी फळ्यावर विषय होता 'पावसाळ्यातील एक दिवस'. नऊ वर्षांच्या एका मुलीने पानभर लिहिलं. आकाशात काळेकुट्ट ढग जमले, विजा कडाडल्या, बेडूक डरांव डरांव करू लागले, मोराने पिसारा फुलवला, आईने गरमागरम भजी तळली. अक्षर मोत्यासारखं, शुद्धलेखनाची एक चूक नाही. वही मिटता मिटता तिने शेजारच्या मुलीला सहज सांगितलं की त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मगर आली होती आणि वनखात्याची माणसं येईपर्यंत सगळे जिन्यात उभे होते. मग हे का नाही लिहिलंस, असं विचारल्यावर ती बावरली. म्हणाली, "ताई, मगर निबंधात कुठे चालते?"

तो प्रश्न मनातून जात नाही. मुलीचं काहीच चुकलं नव्हतं. तिच्याकडे मागितलं तेच तिने दिलं होतं. 'पावसाळ्यातील एक दिवस' हे शब्द फळ्यावर उमटले की त्यांच्या मागोमाग मोर येतो, बेडूक येतात, भजी येतात. ती वरात ठरलेली आहे, पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहे, आणि त्या वरातीत मगरीला जागा नाही. आजवा धरणाच्या ६२ दरवाजांची आणि काळा घोडा पुलाखालच्या पातळीची बातमी घरातली मोठी माणसं तासातासाला ऐकत होती. पाणी जिन्याच्या कितव्या पायरीवर आलं ते मुलं मोजत होती. ओल्या गाद्यांचा आंबूस वास आठवडाभर घरात होता. यातलं काही कागदावर उतरलं नाही, कारण विषयाने ते विचारलंच नव्हतं. विषय देणाऱ्याने जेवढं पाहून ठेवलेलं असतं, तेवढंच मूल लिहितं. म्हणून काम विषय देणाऱ्याचं आहे, आणि ते वाचनाचं काम आहे.

नवे विषय डोकं खाजवून सुचत नाहीत. खुर्चीत बसून 'मुलांना नवीन काय द्यावं' असा विचार केला की आपल्याच शाळेतली यादी वर येते: माझा आवडता सण, मी पक्षी झालो तर, नदीचे आत्मवृत्त. त्याऐवजी दुसऱ्या माणसांनी जीव लावून लिहिलेलं काही वाचावं. कुणी आपल्या सायकलच्या दुकानाबद्दल लिहिलेलं असतं, कुणी बदलीच्या गावातल्या पहिल्या रात्रीबद्दल, कुणी आईच्या लोणच्याच्या बरणीबद्दल. वाचताना एखाद्या ओळीशी आपण थांबतो. मागे जाऊन ती पुन्हा वाचतो. तिथेच पेन्सिलीने एक टिंब करायचं. पूर्ण लेखाचा विषय आपल्या कामाचा नसतो. कामाची असते ती लिहिणाऱ्याची उभं राहण्याची जागा. तो कुठून पाहत होता, कशाच्या किती जवळ होता, काय मोजत होता, कशाला हात लावत होता, एवढंच उचलायचं.

या गावाला दुसऱ्यांचं लिखाण घरापर्यंत आणून पोचवण्याची सवय जुनी आहे. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, आणि शिकलेल्या मुलाला पुढे वाचायला काही मिळालं नाही तर शिकलेलं विसरेल हे ओळखून १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला आणलं. त्यातून फिरती वाचनालयं उभी राहिली. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या खेड्यापाड्यांत जायच्या, वाचून झालं की परत यायच्या, दुसरी पेटी निघायची. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात पुस्तकांच्या दालनाच्या जमिनी काचेच्या आहेत. वरच्या मजल्याचा उजेड खालच्या मजल्यावरच्या पुस्तकांच्या पाठींवर पडतो आणि वरून कुणी चाललं की खाली सावली सरकते. मुलांना तिथे एकदा न्यावंच. पुस्तक हातात घेण्याआधी त्यांना नुसतं मान वर करून उभं राहू द्यावं. आणि विषय शोधणाऱ्याने त्या पेट्यांची पद्धत आपलीशी करावी: आपल्या वाचनातली एक पेटी भरत राहायची, महिन्याने उलटीपालटी करायची, शिळं काढून टाकायचं.

पेटीत काय भरायचं? ललित लेख तर आहेतच. दिवाळी अंकातले छोटे अनुभव कादंबरीपेक्षा जास्त कामाला येतात, कारण त्यांत एकच गोष्ट जवळून पाहिलेली असते. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक चाळावेत. त्या काळच्या मुलांना कशाचं कुतूहल होतं हे कळतं, आणि आजच्या मुलांना तेच विचारलं तर उत्तर किती वेगळं येईल तेही दिसतं. पण ललित लेखांइतकाच ऐवज साध्या, वापराच्या लिखाणात असतो. वर्तमानपत्रातली 'हरवले आहे' ही चौकट, वाचकांची पत्रं, सोसायटीच्या फळ्यावरची पाणी बंद असल्याची सूचना, आजीच्या वहीतली कृती ज्यात मिठाचं माप 'अंदाजे' असं असतं, किराणा दुकानाची चिठ्ठी. घरातली खाजगी पत्रं किंवा रोजनिशी वापरायची असेल तर ज्याची त्याची परवानगी आधी घ्यावी. मूल आणतं आणि घरच्यांना माहीत नसतं, असं होऊ देऊ नये.

नोंदींसाठी एक दोनशे पानी वही पुरते. पानावर तीन रकाने आखायचे. पहिल्यात मूळ ओळ, फार तर दोन ओळी, आणि खाली लेखकाचं नाव, अंक, तारीख. नाव राहून गेलं तर सहा महिन्यांनी ती ओळ आपलीच वाटू लागते, म्हणून हे त्याच क्षणी लिहावं. दुसऱ्या रकान्यात लेखक कुठे उभा होता ते एका वाक्यात. तिसरा रकाना रिकामा सोडायचा आणि चार दिवसांनी भरायचा. या चार दिवसांना अर्थ आहे. लगेच भरला तर मूळ लेखाचीच नक्कल उतरते. चार दिवसांत लेखाचा गोडवा विरतो आणि त्यातली युक्ती तेवढी उरते. दहा लेख वाचावेत तेव्हा दोन-तीन नोंदी हाती लागतात आणि त्यातली एखादीच वर्गात टिकते, एवढी तयारी ठेवावी.

एक उदाहरण सविस्तर सांगण्यासारखं आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात पूर आला, आणि त्यावर पुष्कळांनी लिहिलं. ते वाचताना एका गोष्टीशी हात थांबतो: पाणी उतरल्यावर भिंतीवर राहिलेली चिखलाची रेघ. पहिल्या रकान्यात ती रेघ. दुसऱ्या रकान्यात, 'लेखक पूर सांगत नाही, पूर गेल्यावर भिंतीसमोर उभा आहे.' चार दिवसांनी तिसऱ्या रकान्यात काय यावं? 'पुराचा अनुभव' असं लिहिलं तर सगळं वाया गेलं, पुन्हा वरात सुरू. 'पुराची रेघ' हेही अर्धवट, कारण दहा वर्षांचं मूल रेघेचं काय करणार? विषयात करण्यासारखं काहीतरी हवं. म्हणून: 'घरातल्या किंवा जिन्यातल्या रेघेशी उभा राहा. रेघ तुझ्या कुठे लागते? रेघेच्या खाली काय काय होतं, आणि वर काय राहिलं?' आता मुलाला उठून भिंतीपाशी जावं लागतं. रेघ गुडघ्याला लागते की कमरेला, हे त्याला बघावं लागतं. खाली चपलांचं कपाट होतं, पिठाचा डबा होता, धाकट्याची तीनचाकी होती. वर घड्याळ राहिलं, देव राहिले. ज्याच्या घरात पाणी आलं नाही तो शेजारच्या घराबद्दल लिहू शकतो, किंवा दुकानदाराला विचारून येऊ शकतो. सांगलीच्या भिंतीवरून विषय निघाला, पण वहीत उतरलं ते बडोद्यातलं, त्या त्या मुलाच्या उंचीचं.

इथे एक अडचण आहे आणि ती नीट समजून घ्यावी लागते.

मोठ्यांचं ललित लिखाण बहुतेक आठवणीवर उभं असतं. चाळीस वर्षांपूर्वीचं अंगण, गेलेली माणसं, बंद झालेलं टपाल. नऊ वर्षांच्या मुलाला मागे वळून पाहायला जेमतेम चार वर्षं असतात आणि त्यातलं त्याला काही हरवल्यासारखं वाटत नसतं. मोठ्यांचा विषय तसाच उचलून 'माझ्या बालपणीची एक आठवण' म्हणून दिला की मूल बालपणातच बसून बालपणाबद्दल हळहळू लागतं. ते खोटं असतं आणि ते खोटं त्याला आपण शिकवलेलं असतं. म्हणून तिसरा रकाना भरताना भूतकाळ आजवर आणायचा. कुणी आजोळच्या विहिरीबद्दल लिहिलं असेल, तर 'आज सकाळी आपल्या घरात पाणी कुठून कुठे गेलं, नळापासून मोरीपर्यंत' असं विचारावं. मामाच्या गावाबद्दल वाचलं असेल तर जपून. वर्गातल्या अर्ध्या मुलांचे मामा याच शहरात, अलकापुरी नाहीतर मांजलपूरला राहतात. ज्याच्याकडे जे नाही ते मागितलं की ते मूल पुस्तकातून उसनं आणतं. त्याच्याकडे काय आहे हे आधी बघावं: लिफ्ट, गच्ची, झोपाळा, बाजूच्या घरातून येणारा फोडणीचा वास, संक्रांतीला गच्चीवर चाललेला आरडाओरडा.

संक्रांतीचंच घ्या. भाकरी थापण्याबद्दल कुणी लिहिलेलं वाचताना ओळ सापडते ती अशा अर्थाची की हाताला आधी कळतं, डोक्याला मागून. नोंद छान झाली, पण 'तुझ्या हाताला काय येतं?' असा प्रश्न विचारला तर मुलं गप्प बसतात. प्रश्न त्यांच्या हाताला लागतच नाही. त्याला वस्तू हवी, आणि एक अडसर हवा. तेव्हा विषय असा होतो: 'पतंगाला कन्नी कशी बांधायची ते टेलिफोनवर सांग. समोरच्याला तुझे हात दिसत नाहीत.' बडोद्यातलं जवळजवळ प्रत्येक मूल उत्तरायणाला कन्नी बांधतं किंवा बांधताना पाहतं. वरची दोन भोकं कमान आणि उभी कामटी जिथे एकमेकींवरून जातात तिथे, खालची दोन शेपटाकडून काही बोटं वर. दोरा ओवायचा, गाठ मारायची, मग दोन्ही दोरे ताणून मापात आहेत का ते बघायचं, नाहीतर पतंग हवेत गिरक्या घेत खाली येतो. हे सांगताना 'इथे', 'असं', 'तिकडे' हे शब्द चालत नाहीत, हे मुलाला दुसऱ्या वाक्यालाच कळतं. तिथून ते खरं लिहू लागतं. चिकटपट्टी बोटाच्या कोणत्या पेराला लावायची, दोरी कुठे कापते, हे आपण न विचारता येतं.

'हरवले आहे' या चौकटीतून लहानांसाठी फार चांगला विषय निघतो: हरवलेल्या पाण्याच्या बाटलीची जाहिरात, पंचवीस शब्दांत, परक्या माणसाला तीच बाटली ओळखता आली पाहिजे. 'निळी, सुंदर' म्हणून भागत नाही. झाकणाचा दोरा तुटलेला, तळाशी दातांच्या खुणा, असं लिहावं लागतं. कमाटी बागेतल्या म्युझियममधल्या पाट्या हेही दुसऱ्यांचं लिखाणच. देवमाशाच्या सांगाड्यापाशी मुलं रेंगाळतातच, तिथे पाटी वाचायला लावावी आणि घरी येऊन पोळपाटाची, नाहीतर आजोबांच्या चष्म्याच्या डबीची तशीच पाटी लिहायला सांगावी: नाव, कशाचं, कुठून आलं, लांबी-रुंदी, कोणी दिलं.

विषय फळ्यावर लिहिण्याआधी दोन परीक्षा घ्याव्यात. एक, आपण स्वतः त्यावर दहा मिनिटं लिहून बघायचं. पाचव्या ओळीला अडलो तर मूल दुसऱ्या ओळीला अडेल. दोन, एकाच इमारतीतल्या तीन मुलांनी लिहिलं तर तीन वेगळे कागद येतील का? येणार नसतील तर विषय अजून कच्चा आहे. वाक्य बारा-पंधरा शब्दांच्या पलीकडे जाऊ नये. सूचना लांबली तर मुलं तिचे तुकडे करून तेवढीच उत्तरं देतात. आठ ते दहा वयाला एक वस्तू, एक जागा, एक वेळ. अकरा-बाराच्या पुढे दोन माणसं आणि त्यांचं न जुळणारं मत आणता येतं: गच्चीची चावी कुणाकडे असावी, पार्किंगमध्ये क्रिकेट खेळावं का. हो किंवा नाही असं उत्तर येईल असा प्रश्न फळ्यावर येऊच देऊ नये.

वर्गातही चुका ठरलेल्या आहेत. सगळ्यात मोठी म्हणजे ज्या लेखातून विषय सुचला तो आधी वाचून दाखवणं. मोह होतोच, आपल्याला तो आवडलेला असतो. पण वाचून दाखवला की पंधरा वह्यांमध्ये त्याच लेखकाचं अंगण उतरतं. आधी मुलांनी लिहावं, मग तो लेख वाचावा. तेव्हा मुलं बरोबरीच्या नात्याने ऐकतात, 'याने पण मोजलं' असं म्हणतात. दुसरी चूक बोलणं लांबवण्याची. पाच मिनिटं गप्पा, बारा मिनिटं लिहिणं, त्या वेळात खोडरबर दप्तरात. गप्पा वीस मिनिटं चालल्या तर सांगायचं ते सांगून झालेलं असतं, हाताला काही उरत नाही. तिसरी चूक जास्त नाजूक. मोठ्यांच्या लिखाणात मृत्यू, आजारपण, दुरावा असतो आणि तिथेच आपण थांबतो. तो विषय थेट मुलांपुढे ठेवू नये. कुणाच्या घरी काय चाललंय ते आपल्याला माहीत नसतं. आजीबद्दल विचारण्याऐवजी आजीच्या डब्याबद्दल विचारावं, आणि प्रत्येक वेळी फळ्यावर दुसरा एक साधा विषय ठेवावा. ज्याला जायचं तो त्या डब्यातून आजीपर्यंत जातोच, ज्याला नको तो डब्यावर थांबतो.

भाषेबद्दल थोडं कडक व्हायचा मोह आवरावा. या मुलांच्या तोंडी केरी म्हणजे पिकलेला आंबासुद्धा, कन्नीचा गच्चीवर किन्ना होतो, आणि मगर गुजरातीत पुल्लिंगी, घरात स्त्रीलिंगी. पहिल्या लिहिण्यात जो शब्द हाताशी आला तो येऊ द्यावा, शब्दासाठी थांबलं की वाक्य जातं. नंतर त्याखाली रेघ ओढून घरी विचारून यायला सांगावं. काही शब्द बदलतील, काही तसेच राहिले तरी चालतील. जे मराठी इथे दोनशेहून अधिक वर्षं गुजरातीशेजारी राहिलं त्यात तेवढी ये-जा असणारच, आणि त्या शब्दासकट लिहिणारं मूल पुढेही लिहीत राहतं, हे जास्त मोलाचं आहे.

पुढच्या रविवारी फळ्यावर पावसाळा नव्हता. भिंतीवरच्या रेघेच्याच पानावरून, तिसऱ्या रकान्यातून, दुसरा विषय निघाला होता: 'पाणी असताना जिन्यात उभं राहून काय दिसलं? शेवटी काय दिसेनासं झालं?' त्या मुलीने सुरुवातीला बराच वेळ पेन चावलं. मग खाली मान घालून लिहिलं ते घंटा होईपर्यंत. वाक्यं छोटी, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं. मोर नाही, भजी नाहीत. मगर किती लांब होती ते तिने स्कूटरच्या मापाने सांगितलं होतं. माणसांनी तिच्या डोळ्यांवर ओलं पोतं टाकलं तेव्हा ती शेपूट आपटायची थांबली, हे होतं. पोतं या शब्दाच्या जागी 'कोथळो' लिहून खाली रेघ ओढलेली होती. आणि पानाच्या तळाशी, ओळ संपायला आली म्हणून बारीक अक्षरात: 'तो कोथळो आमच्या घरचा होता, बटाट्यांचा. मगरीबरोबर तोही गाडीत गेला. आजी अजून विचारते.'